माटोळीतलं पपनस आणि सासऱ्यांची ल्युकेमियाची गोळी

माटोळीखालून
नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे सासरे एकाहत्तर वर्षांचे. सहा वर्षांपूर्वी त्यांना सीएमएल निघाला, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. तेव्हापासून इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज दुपारी जेवणाबरोबर, वर पेलाभर पाणी. रिपोर्ट चांगले येतात. माणूस खणखणीत आहे, अजून स्वतः शिडीवर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळांची मांडणी, बांधतो. आम्ही अंत्रुज महालातले, घरी चवथ पाच दिवसांची.

भानगड आहे पपनसाची. दरवर्षी कुळागरातलं सगळ्यात मोठं पपनस माटोळीच्या मधोमध लागतं. आजूबाजूला नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, कांगण्या, चिबूड. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सासरे सोप्यावर बसून ते सोलतात. वरून चार चिरा द्यायच्या आणि अंगठ्याने साल अशी सोडवत न्यायची की ती अख्खी वाटीसारखी सुटून येते. ती टोपी नातवंडांच्या डोक्यावर. मग पाकळ्यांची पांढरी कातडी काढून, मीठ-साखर भुरभुरून अर्धं फळ एकटे संपवतात.

यंदा मी गोळीच्या खोक्यातलं माहितीपत्रक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. लिहिलंय, ग्रेपफ्रूट टाळा, कारण ते औषध मोडणारं एन्झाइम रोखतं. तर प्रश्न दोन. ग्रेपफ्रूट आणि आमचं पपनस एकच का? आणि दुसरा, जो मला जास्त छळतोय: डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ही गोळीच मुळी एन्झाइम रोखणारी आहे. मग एन्झाइम रोखणं चांगलं की वाईट?

डॉक्टरांची तारीख चवथीनंतर आहे. सासऱ्यांचं म्हणणं, "गणपतीच्या डोक्यावर टांगलेलं फळ विष कसं ठरेल गो?"

शीतकडी
सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर नाही. बाप्पा इमॅटिनिब घेत नाही एवढंच म्हणू शकतो.

खुर्ची टाकून बसलोय. मास्तर येतीलच.

रसायन_मास्तर
आलो. मडगावात उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. डॉक्टर नाही, त्यामुळे काय खावं-न खावं ते तुमचे डॉक्टर सांगतील. पण तुमचा दुसरा प्रश्न माझ्या हद्दीतला आहे.

रोखणं चांगलं की वाईट, असं विचारूच नका. कोणाला रोखलं ते विचारा. इथे दोन वेगवेगळी एन्झाइमं आहेत.

पहिलं रोगाचं. सीएमएलमध्ये रक्त तयार करणाऱ्या पेशीत ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. आखूड झालेलं ते २२वं गुणसूत्र नॉवेल आणि हंगरफर्ड यांनी १९६० मध्ये फिलाडेल्फियात पाहिलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. तुकडा हरवलेला नाही, ९व्याशी अदलाबदल झालीय, हे १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवलं. या जोडकामातून बीसीआर-एबीएल नावाचं एन्झाइम जन्मतं. त्याचं काम एटीपीकडून, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाकडून, फॉस्फेट उचलून दुसऱ्या प्रथिनांवर चिकटवणं. मामलेदार कचेरीतला शिक्का मारणारा कारकून डोळ्यांपुढे आणा. साधा एबीएल साहेबाने सांगितलं तरच शिक्का मारतो. हा जोडलेला कारकून मात्र कोणी न सांगता रात्रंदिवस 'वाढा, वाढा' असा शिक्का हाणत सुटतो आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. इमॅटिनिब जाऊन बसतं ते एटीपीच्या खाचेत. म्हणजे शाईच्या पॅडावरच बूड टेकवायचं. शिक्का हातात, पण शाई नाही. मे २००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. सुरुवातीच्या मोठ्या चाचणीत ज्यांना पहिल्यापासून हे औषध दिलं, त्यांच्यातले सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही हयात होते. त्याआधी या रोगाचं नाव ऐकून लोक इच्छापत्राचं बघायचे.

दुसरं एन्झाइम शरीराचं, नाव सीवायपी३ए४. राहतं यकृतात आणि आतड्याच्या अस्तरात. बाहेरून आलेली रसायनं मोडून वाटेला लावायची, हे त्याचं काम. पंचायतीची कचऱ्याची गाडी म्हणा. इमॅटिनिबसुद्धा तीच उचलते. रोजचे ४०० मिलिग्रॅम हा हिशेब गाडी वेळेवर येते असं धरून केलेला आहे. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिनं आतड्यातल्या गाडीचा टायरच फोडतात. गाडी दुरुस्त होत नाही, शरीराला नवी बांधावी लागते आणि त्यात एक ते तीन दिवस जातात. म्हणून "सकाळी फळ, दुपारी गोळी" ही पळवाट चालत नाही. पपनसातही ही द्रव्यं असतात.

डिचोलीची_माई
मास्तर, तुम्ही आम्हाला बारावीला का नव्हता हो. कारकून रोखायचा, कचरागाडी रोखायची नाही. समजलं.

आमच्या पंचायतीची गाडी तशीही आठवड्यातून एकदाच येते, म्हणजे आम्ही कायम पपनस खाल्ल्यासारखेच.

फार्मसीवाला
मी म्हापशाला औषधाच्या दुकानात आहे, बावीस वर्षं झाली. काऊंटरवर काय होतं ते सांगतो.

पपनस वर्षातून एकदा. मला भीती वाटते ती बाकीच्या गोळ्यांची. घसा धरला की लोक क्लॅरिथ्रोमायसिन मागतात, गजकर्ण झालं की इट्राकोनाझोल. दोन्ही कचरागाडी अडवणारी. बुरशीवरचंच जुनं औषध कीटोकोनाझोल, ते बरोबर दिलं तर रक्तातलं इमॅटिनिब साधारण ४० टक्क्यांनी वाढतं, असं मोजलेलं आहे.

उलटंही होतं. क्षयाचं रिफाम्पिसिन किंवा फिट येणाऱ्यांचं फेनिटॉइन शरीराला जास्त गाड्या रस्त्यावर आणायला लावतं. रिफाम्पिसिनबरोबर इमॅटिनिबची मात्रा तब्बल ७४ टक्क्यांनी खाली येते. रोगी म्हणतो गोळी रोज घेतोय, आणि खरंच घेत असतो, पण आत चतुर्थांशच उरते. आपल्याकडे क्षय किती ते सांगायला नको.

एक विचारतो ताई. सासरे आणखी काय काय घेतात? कोलेस्टेरॉलची गोळी आहे का?

तर्कटी
मास्तर, जरा थांबा. इमॅटिनिब तोंडाने घेतलं तरी जवळजवळ ९८ टक्के रक्तात पोचतं. म्हणजे आतड्यातली गाडी त्यातलं काही उचलतच नाही, सगळी मोडतोड पुढे यकृतात. आणि फळाने टायर फुटतो तो मुख्यतः आतड्यातल्या गाडीचा. मग पपनसाने इमॅटिनिबचं काय बिघडणार? पत्रकं कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला लिहितात. म्हाताऱ्या माणसाचं वर्षातून एकदाचं सुख का हिरावता?

रसायन_मास्तर
@तर्कटी, मुद्दा बिनतोड आहे आणि मला तो आवडला. इमॅटिनिबपुरतं तुमचं गणित बरोबर असू शकतं. पण त्याच कुळातलं निलोटिनिब तसं नाही. ते मुळात तिसरा हिस्सा कसंबसं शोषलं जातं, जेवणाबरोबर घेतलं तर एकदम जास्त चढतं आणि हृदयाच्या ठोक्याची लय बिघडवू शकतं. म्हणून ते उपाशीपोटी: आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. सगळ्यांना एकच नियम सांगितला तर चुका कमी होतात. शिवाय एका पपनसात फ्युरॅनोकुमारिन किती, हे झाडाझाडावर बदलतं. कुळागरातल्या फळावर लेबल कुठे असतं?

तर्कटी
ठीक. अर्धा मुद्दा मागे घेतो. अर्धा शिल्लक.

माटोळीखालून
@फार्मसीवाला, अरे देवा. आहे की! अटॉरव्हास्टॅटिन, रात्री झोपताना. ती आमच्या गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, ल्युकेमियाचे डॉक्टर वेगळे. दोघांची कधी गाठ नाही.

फार्मसीवाला
तेच मला वाटत होतं. पपनसाचा खरा मार त्या गोळीवर बसतो. अटॉरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन या दोन्ही आतड्यातली गाडी बऱ्याच उचलते. गाडी बंद पडली की त्या रक्तात साचतात आणि मग स्नायू दुखणं, क्वचित स्नायू मोडून मूत्रपिंडावर भार.

आणि गंमत अशी की इमॅटिनिब स्वतःही हीच गाडी थोडी अडवतं. सिम्व्हास्टॅटिनची मात्रा त्याने साडेतीन पटींच्या आसपास वाढलेली दिसलीय. म्हणजे पपनस नसतानाही तुमच्या सासऱ्यांची गाडी अर्धी अडलेलीच आहे. आपल्या मनाने काही बंद करू नका, पण दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत घालून दाखवा. पिंडऱ्या दुखतात का त्यांच्या?

माटोळीखालून
दुखतात. "शिडी चढलो म्हणून" म्हणतात. फोनवर विचारते आजच.

कोकणकन्या_एस४
मुख्य धागा सीएमएलचा आहे, पण मला वेगळ्या ल्युकेमियातली याच जातीची गोष्ट सांगायचीय.

माझा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला एएलएल झाला, लहान मुलांत जास्त दिसतो तो. आता अकरा वर्षांचा आहे, शाळेत फुटबॉल खेळतो, हे आधीच सांगते म्हणजे वाचताना कोणी घाबरणार नाही. मुंबईच्या वाऱ्या इतक्या झाल्या की माझं हे नावच पडलं. शेवटचा टप्पा घरी असतो, गोळ्यांचा, दोनेक वर्षं चालतो. रोज रात्री सिक्स-एमपी म्हणजे मर्कॅप्टोप्युरिन, आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. गोळी ५० मिलिग्रॅमची आणि मुलाचा डोस वजनाप्रमाणे, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार एक, शनिवार-रविवार अर्धी. हातमोजे घालून अर्धी करायची. फ्रिजच्या दारावर कागद, रोज रात्री त्यावर त्याची स्वतःची सही. पहिलीतल्या मुलाची सही, नाव कमी आणि बेडूक जास्त.

आमच्याबरोबर तपासणीला येणारे एक काका होते, एएलएलचेच, त्याच गोळीवर. गावी गेले असताना पायाचा अंगठा टरारून सुजला. तिथल्या डॉक्टरांनी युरिक ॲसिड बघितलं आणि ॲलोप्युरिनॉल दिलं. वाताच्या, म्हणजे गाउटच्या, माणसाला जगभर देतात तेच. काकांनी "मी रक्ताची गोळी घेतो" एवढंच सांगितलेलं, आणि डॉक्टरांना वाटलं रक्त वाढायची, लोहाची. तीन आठवड्यांनी तोंडभर फोड, ताप, आणि पांढऱ्या पेशी ६००. चार हजारांच्या वर हव्यात, तिथे सहाशे. अठरा दिवस वॉर्डात काढले. वाचले.

आम्हाला नंतर समजावलं ते असं: सिक्स-एमपी मोडण्याचं काम झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम करतं, आणि ॲलोप्युरिनॉल बरोबर त्यालाच रोखतं. म्हणजे एक गोळी घेतली तरी अंगात तीन-चार घेतल्यासारखी. दोन्ही द्यायचीच वेळ आली तर सिक्स-एमपी चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर आणतात. माझ्या वडिलांना वात आहे, ॲलोप्युरिनॉल आमच्याच कपाटात असायचं. त्या दिवशी मी त्यांचा डबा उचलून देवघराच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवला. बाबा म्हणाले, आता गोळी घेण्याआधी आंघोळ करायची की काय.

पावसाळी_बेडूक
"नाव कमी आणि बेडूक जास्त". या सहीवर माझा हक्क आहे. पोराला माझ्याकडून खाजें.

रसायन_मास्तर
@कोकणकन्या_एस४, तुमच्या काकांवर जे बेतलं तेच घडवायला ॲलोप्युरिनॉल आधी वापरून पाहिलं होतं, हे सांगितलं तर विश्वास बसणार नाही.

सिक्स-एमपी बनवलं गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी. एलियन पंधरा वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांचे आजोबा कर्करोगाने गेले, तेव्हाच ठरवलं. पीएचडी नाही, बाई म्हणून नोकरी मिळेना, अशी सुरुवात. १९५३ मध्ये औषध बाजारात आलं. पण शरीर ते फार लवकर मोडून टाकायचं. मग यांनी विचार केला, मोडणारं झँथिन ऑक्सिडेजच रोखलं तर? त्यासाठी ॲलोप्युरिनॉल. औषध टिकू लागलं खरं, पण गुण जितका वाढला तितकाच त्रासही वाढला, म्हणजे नुसता डोस वाढवल्यासारखंच झालं. मात्र रोग्यांचं युरिक ॲसिड झपाट्याने उतरलं, कारण युरिक ॲसिडही तेच एन्झाइम बनवतं. ल्युकेमियात नापास, वातात पहिला नंबर. १९८८ चं नोबेल दोघांना मिळालं, जेम्स ब्लॅक यांच्याबरोबर.

आवाठातली_सिस्टर
मी लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम केलंय, कुठे ते राहू दे.

मास्तरांच्या गोष्टीला एक शेपूट. काही रोग्यांत सिक्स-एमपी भलत्याच वाटेने जातं, कामाचा अंश कमी बनतो आणि यकृताला त्रास देणारा जास्त. अशांना तज्ज्ञ मुद्दाम थोडं ॲलोप्युरिनॉल देतात आणि सिक्स-एमपी खूप खाली आणतात. वाट बदलते. म्हणजे काकांना ज्याने पाडलं तेच इथे जाणून वापरतात. फरक एवढाच, की इथे डोस आधी कमी केलेला असतो आणि रक्त वरचेवर तपासतात. आपल्या लोकांत एनयूडीटी१५ या जनुकातला बदलही बऱ्यापैकी आढळतो. तो असला तर नेहमीचाच डोस भारी पडतो, कोणीही काही न रोखता.

दुधाबद्दल कोणी विचारायच्या आत: दुधातही झँथिन ऑक्सिडेज असतं म्हणून पूर्वी "दुधाबरोबर नको" असं कडक सांगायचो. आता बऱ्याच ठिकाणी तितकं ताणत नाहीत. मूल गोळी रोज घेतंय हे जास्त महत्त्वाचं.

आणि पावसाळ्यातली एक गोष्ट. जूनपासून आपल्या भिंतींना बुरशी, कपाटातल्या चपलांना बुरशी. पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या मुलाच्या फुफ्फुसात ती शिरली की व्होरिकोनाझोलसारखी औषधं द्यावीच लागतात. पण एएलएलच्या मुलांना व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शनही चालू असतं आणि ते मोडणारी गाडी हीच, सीवायपी३ए४. एका मुलीला दुसऱ्या ठिकाणी दोन्ही एकत्र मिळालेली. आमच्याकडे आली तेव्हा पोट सहा दिवस साफ नाही, जबडा दुखतो म्हणून पेजसुद्धा गिळत नव्हती आणि चालताना पाऊल फटकन खाली आपटत होतं. ती चप्पल घसटत यायची तो आवाज अजून कानात आहे. बुरशीचं औषध बदललं, पाऊल पुढे काही महिन्यांनी सुधारलं.

निसर्गपुत्र
एवढी रसायनं एकमेकांत भांडतात तर घ्यायचीच कशाला? रोज गुळवेलीचा काढा आणि किराईत घ्या. निसर्गात एन्झाइम-बिन्झाइम अडवणं नसतं.

तर्कटी
@निसर्गपुत्र, धागा वाचलात का? पपनस कारखान्यात बनतं का?

शीतकडी
इनो घ्या कोणीतरी. नैसर्गिक हवं असेल तर सोलकढी.

आवाठातली_सिस्टर
हसण्यावारी नेऊ नका. काढ्यात काय काय आहे आणि ते कुठलं एन्झाइम अडवतं, हे बहुतेक वेळा मोजलेलंच नसतं. गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये छापल्या. आयुष मंत्रालयाने त्या मान्य केल्या नाहीत, हेही सांगते. वाद असू दे. पण केमो चालू असलेल्या माणसाने काढा घ्यायचाच तर निदान डॉक्टरांना सांगून घ्यावा. आमच्याकडे लोक लपवतात आणि मग यकृताचे आकडे का चढले म्हणून आम्ही आठवडाभर डोकं फोडतो.

परळकर_गोंयकार
मेथोट्रेक्सेटचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर, पण आमच्या मुंबईचं.

१९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांत एक विचित्र पंडुरोग दिसत होता. विल्सबाईंनी खाण्याचे प्रयोग केले आणि मार्माइट नावाच्या यीस्टच्या काळ्या चिकट अर्काने तो बरा झाला. त्यात जे होतं ते पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. मग बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांना दिसलं की ल्युकेमियाच्या मुलांना फोलेट दिलं तर रोग उलट भडकतो. म्हणजे या पेशींना तेच हवंय. मग तेच तोडा! फोलेटसारखं दिसणारं पण फोलेटचं एन्झाइम अडवणारं अमिनोप्टेरिन त्यांना मिळालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूकडून. सुब्बाराव भीमावरमचे. १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांचा अहवाल छापला, दहांमध्ये काही काळ का होईना सुधारणा. मेथोट्रेक्सेट त्याचाच धाकटा भाऊ. गिरणगावच्या बायकांच्या रक्तातून निघालेली वाट ल्युकेमियापर्यंत गेली, आणि परळला कोणालाच ठाऊक नाही.

डिचोलीची_माई
मार्माइट चाखलंय. पंडुरोग परवडला.

माटोळीखालून
मग मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याने फॉलिक ॲसिडची गोळी घ्यायची की नाही? माझ्या जावेला सांध्यांसाठी दोन्ही दिल्या आहेत.

आवाठातली_सिस्टर
सांध्यांसाठी कमी डोस असतो, तिथे त्रास कमी व्हावा म्हणून फॉलिक ॲसिड देतातच. ल्युकेमियात हिशेब वेगळा, तिथे आपल्या मनाने व्हिटॅमिनची गोळी सुरू करायची नाही. मोठा डोस शिरेतून दिला की ठरलेल्या तासाला ल्यूकोव्होरिन देऊन चांगल्या पेशी वाचवतात. घड्याळ लावून.

वकीलसाहेब
इमॅटिनिबच्या धाग्यात १ एप्रिल २०१३ यायलाच हवा. सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. मूळ रेणू जुनाच होता, नव्या 'बीटा' स्फटिकरूपासाठी पेटंट मागितलं होतं. आपल्या कायद्याचं कलम ३(घ) सांगतं की जुन्या पदार्थाचं नवं रूप आणलंत तर गुणही वाढलेला दाखवा. तेव्हा ब्रँडची गोळी महिन्याला लाखाच्या वर आणि भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत, असे आकडे सगळीकडे छापून आले होते. आज त्याहून बरीच स्वस्त मिळते.

तर्कटी
पण कंपनीने ती हजारो लोकांना फुकटही दिली, तेही लिहा.

वकीलसाहेब
दिली, हो. दोन्ही खरं आहे.

पेडण्याचो_पात्रांव
अवांतर: आमच्याकडे काही लोक पपनसाला तोरंजन म्हणतात. मग आई म्हाळुंग म्हणायची ते काय?

रसायन_मास्तर
म्हाळुंग वेगळं, जाड सालीचं, आत गर कमी. आणि ग्रेपफ्रूट हे तर पपनसाचंच पोर. अठराव्या शतकात वेस्ट इंडीजमध्ये, बार्बाडोसला, पपनस आणि गोड संत्रं यांच्या संकरातून आलेलं. म्हणजे माटोळीत लागतो तो बाप आणि पत्रकात छापलाय तो मुलगा.

पेडण्याचो_पात्रांव
पोराने नाव काढलं म्हणायचं. बापाचं पत्रकात नावही नाही.

शीतकडी
आता जरा गंभीर लिहितो, इतका वेळ पाचकळपणा केला.

माझा शाळासोबती, सीएमएल, हीच गोळी. तीन वर्षांत आकडे इतके छान आले की तो म्हणाला, आता कशाला. चवथीला सुट्टी, शिगम्याला सुट्टी, लग्नात फेणी घ्यायची म्हणून सुट्टी. महिन्यातले सात-आठ दिवस सहज जायचे. बीसीआर-एबीएलचा आकडा वर चढायला लागला तेव्हाही त्याने घरी सांगितलं नाही. पुढे तपासणीत टी३१५आय नावाचा बदल निघाला. मास्तरांच्या भाषेत सांगायचं तर कारकुनाने पॅडच असं वळवून ठेवलं की इमॅटिनिबला बसायला जागा नाही. निलोटिनिब, डॅसाटिनिबलाही नाही. पोनॅटिनिबवर आहे आता. ते महाग आहे आणि रक्तवाहिन्यांना धोका म्हणून सारख्या तपासण्या.

डॉक्टर म्हणाले, बदल गोळी चुकवल्यामुळेच आला असं छातीठोक सांगता येत नाही. पण तो स्वतः तसंच समजतो. दर रविवारी फोन करतो मला आणि स्वतःचं काही बोलायच्या आधी माझ्या बीपीच्या गोळीची चौकशी करतो.

कोकणकन्या_एस४
शीतकडी, त्यांना नमस्कार सांगा.

माटोळीखालून
पण काहींची गोळी डॉक्टर स्वतः बंद करतात असं वाचलंय?

आवाठातली_सिस्टर
करतात. वर्षानुवर्षं आकडा अगदी खोल राहिला असेल तर, आणि पहिले काही महिने जवळजवळ दर महिन्याला तपासणी करायची तयारी असेल तर. तरी साधारण निम्म्या लोकांत रोग परत डोकं वर काढतो, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच. गोळी परत सुरू केली की बहुतेकांचा आटोक्यात येतो. ते वेगळं आणि शिगम्याची सुट्टी वेगळी.

ताळगावची_पीएचडी
उशिरा आले, पण माटोळीखालून यांच्या दुसऱ्या प्रश्नाला एक तिसरं उत्तर आहे.

आतापर्यंत 'कचरागाडी अडवणं' हा अपघातच म्हणून आला. पण तो मुद्दामही घडवतात. डेसिटाबिन नावाचं औषध आहे, एमडीएस आणि सीएमएमएल या ल्युकेमियाच्या शेजारच्या रोगांसाठी. ते शिरेतूनच द्यावं लागायचं, कारण तोंडाने घेतलं तर आतड्यात आणि यकृतात सिटिडीन डिअमिनेज हे एन्झाइम त्याचा फडशा पाडायचं. मग त्याच गोळीत सेडाझुरिडीन घातलं, ते या एन्झाइमला रोखतं. १०० मिलिग्रॅम रोखणारं, ३५ मिलिग्रॅम खरं औषध. जुलै २०२० मध्ये अमेरिकेत मान्यता. ल्युकेमियाच्या पेशीला त्यातला मोठा भाग काही करतच नाही, नुसता वाटेत गाडी अडवून उभा राहतो. एलियनबाईंना जे हवं होतं ते साठेक वर्षांनी दुसऱ्याच औषधात जमलं.

तर्कटी
म्हणजे पपनसही पुढेमागे औषधात घालतील.

ताळगावची_पीएचडी
हसू नका. ग्रेपफ्रूटचा रस देऊन कर्करोगाच्या औषधाचा डोस कमी करता येतो का, हे माणसांवर तपासून झालंय. सिरोलिमसच्या बाबतीत आकडे खरंच वाढले. पण फळाफळात फरक, म्हणून रोजच्या उपचारात कोणी धरत नाही.

तर्कटी
मग माझा शिल्लक अर्धा मुद्दाही घ्या.

माटोळीखालून
चवथ झाली, विसर्जन झालं, डॉक्टरही झाले. सांगायला आलेय.

फोनवर विचारलं तेव्हाच डॉक्टरांनी दोन्ही चिठ्ठ्यांचे फोटो मागवले. अटॉरव्हास्टॅटिन बंद, त्याजागी रोझुव्हास्टॅटिन, जी या गाडीवर फारशी अवलंबून नाही. पिंडऱ्यांसाठी रक्ताची एक तपासणी केली, आकडा थोडा वर होता, फार नाही. काल परत केली, उतरलाय. @फार्मसीवाला, देव बरें करूं. तुम्ही विचारलं नसतंत तर मी पपनसावरच भांडत बसले असते.

पपनसाबद्दल डॉक्टर हसले आणि म्हणाले, एक फोड खाऊन आभाळ कोसळणार नाही, पण तुमचे सासरे एका फोडीवर थांबणारे वाटत नाहीत. त्यामुळे नको.

माटोळीत लागलं होतं, मधोमध, नेहमीसारखं. सासऱ्यांनीच बांधलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सोप्यावर बसून त्यांनीच सोललं, अंगठ्याने, साल अख्खी. पाकळ्या सोलून मीठ-साखर लावून पोरांना एकेक करून भरवल्या आणि बोटं धुवायला न्हाणीत गेले. मी दारातून बघत होते. बोटं चाटली नाहीत.

पावसाळी_बेडूक
आणि टोपी कोणी घातली?

माटोळीखालून
त्यांनीच. पोरांना दिलीच नाही.